धड्यांचं कपाट, किल्ली कुणाकडे?

शाळा, कॉलेजं, क्लासेस आणि घरगुती शिकवण्यांचे धडे आता इंटरनेटवर ठेवले जातात. शिक्षकांनी रात्री जागून तयार केलेलं हे साहित्य नेमकं कुठे आणि कशात ठेवायचं, याचा निर्णय मात्र बहुतेक ठिकाणी घाईगर्दीत होतो. त्या घाईची किंमत दोन-चार वर्षांनी चुकवावी लागते!

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या शाळांना कुलपं लागली आणि घराघरांत वर्ग भरू लागले. पोळपाट उभा करून त्याला टेकवलेला मोबाईल, मागे भिंतीला चिकटवलेला फळ्याचा कागद, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी आणि मधेच तुटणारं नेटवर्क! ज्या शिक्षकांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता, त्यांनी त्या दिवसांत प्रमेयं समजावणाऱ्या चित्रफिती बनवल्या, व्याकरणाच्या नोट्स टंकल्या, सरावाच्या प्रश्नपत्रिका तयार केल्या आणि सगळं व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर धाडून दिलं.

पुढल्या वर्षी नवी बॅच आली. मुलांनी विचारलं, "बाई, मागच्या वर्षीच्या त्या भूमितीच्या नोट्स मिळतील का?" बाई शोधायला लागल्या. जुना ग्रुप मोडलेला. मोबाईलची मेमरी भरली म्हणून चित्रफिती कधीच पुसून टाकलेल्या. काही फाईली कुणाच्या तरी ईमेलमध्ये, काही सोडून गेलेल्या सरांच्या लॅपटॉपवर. एका वर्षाची मेहनत अशी चार दिशांना उधळली गेली. हे एखाद्या शाळेत नव्हे, कितीतरी शाळांत घडलं.

मग संस्थाचालक जागे झाले. "आपलं स्वतःचं काहीतरी हवं," असं ठरलं. एक-दोन कंपन्यांची माणसं लॅपटॉप घेऊन आली. पडद्यावर रंगीत आलेख नाचले, चहा-बिस्किटं झाली, "शेजारच्या शाळेनंही हेच घेतलंय" असं कुणीतरी म्हणालं आणि करारावर सही झाली. सगळ्यांनी किंमत विचारली. एक प्रश्न मात्र बहुधा कुणीच विचारला नाही: उद्या आम्ही तुमची सेवा सोडायचं ठरवलं, तर आमचे धडे आमच्या हातात कसे परत द्याल?

कपाट वेगळं, वर्ग वेगळा

या व्यवहारात दोन शब्द सतत कानावर पडतात. एक सीएमएस, म्हणजे कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टीम. दुसरा एलएमएस, म्हणजे लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम. विक्रेतेसुद्धा हे दोन्ही शब्द एकाच दमात वापरतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

सोपं करून सांगायचं तर सीएमएस हे कपाट आहे. मजकूर, चित्रं, ध्वनिफिती, चित्रफिती त्यात नीट लावून ठेवता येतात, हव्या तेव्हा बदलता येतात आणि वेबसाईटवर दाखवता येतात. वर्डप्रेस, जूमला, द्रुपल, प्लोन ही अशी कपाटं. एलएमएस हा वर्ग आहे. तिथे कपाटाबरोबर हजेरीपट आहे, गृहपाठाची पेटी आहे, चाचणी परीक्षा आहे आणि गुणपत्रकही आहे. मूडल, ओपन एडएक्स, गुगल क्लासरूम ही या प्रकारातली नावं.

ज्याला नुसत्या नोट्स सगळ्यांसाठी खुल्या ठेवायच्या आहेत, त्याने वर्ग उभारला तर खर्च आणि कटकट दोन्ही अंगावर येतात. ज्याला मुलांच्या चाचण्या घेऊन गुण नोंदवायचे आहेत, त्याला नुसतं कपाट पुरत नाही. आधी गरज ठरवायची, मग वस्तू पाहायची. साडी घ्यायला गेल्यावर समारंभ कोणता हे ठाऊक असावं लागतं, तसंच हे!

वाळवंटात शिकलेल्या मुलाचं मूडल

जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एलएमएसमध्ये मूडलचं नाव घेतलं जातं. त्याची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. मूडलचे जनक मार्टिन डुगियामास यांचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेलं. जवळपास शाळा नव्हती. अशा मुलांसाठी तिथे 'स्कूल ऑफ द एअर' नावाची सोय होती. शिक्षक रेडिओवरून बोलायचे आणि मुलं घरी बसून शिकायची. दूर राहून शिकणं म्हणजे काय, हे या मुलाने लहानपणीच अनुभवलं होतं.

मोठेपणी ते पर्थच्या कर्टिन विद्यापीठात कामाला लागले. तिथे वेबसीटी नावाच्या प्रणालीची देखभाल त्यांच्याकडे होती. वेबसीटी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या मध्यावर जन्मली आणि पुढे विकत मिळणारी वस्तू बनली. डुगियामास यांना तिच्यात अनेक गोष्टी खटकत, पण आतला कोड बंद असल्यामुळे हात लावता येत नसे. शेवटी त्यांनी स्वतःच नवी प्रणाली लिहायला घेतली. ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती बाहेर आली. ती कुणालाही विनामूल्य वापरता येईल, उघडून पाहता येईल आणि बदलता येईल अशा परवान्याखाली दिली गेली.

ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी हे मुक्त शिक्षणातलं मातब्बर नाव. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने २००५ मध्ये मूडलची निवड केली. पैसे टाकून कुठलीही महागडी वस्तू त्यांना घेता आली असती. त्यांनी तोच पैसा मूडल आपल्या गरजेनुसार वाढवण्यात घातला. प्रश्नमंजुषेच्या भागावर त्यांनी केलेलं काम पुढे मूळ मूडलमध्येही सामील झालं. त्यामुळे आज एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापक मूडलवर चाचणी घेतो, तेव्हा त्या कामाचा लाभ त्यालाही मिळतो.

आणि वेबसीटीचं काय झालं? अमेरिकेतल्या ब्लॅकबोर्ड या प्रतिस्पर्धी कंपनीने २००६ मध्ये ती ताब्यात घेतली आणि कालांतराने वेबसीटी हे नावच बाजारातून गेलं. ज्या विद्यापीठांनी तिच्यात वर्षानुवर्षं धडे भरले होते, त्यांना बाडबिस्तरा आवरून दुसरीकडे जाणं भाग पडलं.

एमआयटीनेही कपाटं बदलली

अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत तंत्रविद्यापीठाने एप्रिल २००१ मध्ये एक घोषणा केली आणि शिक्षणजगत चकित झालं. आपल्या जवळपास सर्व अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवू, असं त्यांनी सांगितलं. नाव ठेवलं 'ओपनकोर्सवेअर'. प्रवेश नाही, फी नाही आणि पदवीही नाही. नुसत्या नोट्स, गृहपाठ, परीक्षांचे पेपर! सप्टेंबर २००२ मध्ये पहिले काही अभ्यासक्रम चाचणीदाखल खुले झाले. वर्षभरात ही संख्या ५०० वर गेली आणि आज ती अडीच हजारांच्या पुढे आहे.

पण एवढा पसारा ठेवायचा कशात? सुरुवातीची पानं एकेक करून हाताने बनवली गेली. मोजक्या अभ्यासक्रमांना ते ठीक होतं, पाचशेंना ते झेपणारं नव्हतं. म्हणून मायक्रोसॉफ्टची कन्टेन्ट मॅनेजमेंट सर्व्हर ही प्रणाली घेतली गेली. पुढे मायक्रोसॉफ्टने ही स्वतंत्र वस्तू बंद करून शेअरपॉइंट या दुसऱ्या उत्पादनात मिसळून टाकली. एमआयटी नंतर प्लोन या मुक्त सीएमएसकडे वळली. २०२२ मध्ये पुन्हा नवी मांडणी आली. आता साधी, हलकी, आधीच तयार करून ठेवलेली पानं दाखवायची पद्धत स्वीकारली गेली, कारण वाचणारे मोबाईलवर आले होते.

वीस वर्षांत कपाट पुनःपुन्हा बदललं, तरी आतल्या नोट्स टिकल्या. एमआयटीसारख्या श्रीमंत संस्थेलाही एकदा घेतलेला निर्णय जन्मभर पुरला नाही. मग लहान शाळेने "एकदाच काय ते घेऊन टाकू" असं म्हणून कसं चालेल? कपाट आज ना उद्या बदलणारच आहे, हे धरूनच ते निवडायला हवं.

एमआयटीला आणखी एक गोष्ट कळली. प्राध्यापकांच्या नोट्समध्ये इतरांच्या पुस्तकांतली चित्रं, आलेख, उतारे भरपूर होते. वर्गात ते चालून जात होतं, पण जगासमोर ठेवताना प्रत्येकाची परवानगी काढावी लागली किंवा चित्र नव्याने काढावं लागलं. हे काम तांत्रिक कामाइतकंच किचकट होतं. आपल्याकडे गाईडमधलं पान मोबाईलने टिपून थेट वेबसाईटवर चढवणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

दुकानच बंद झालं तर?

एडमोडो हे नाव अनेक शिक्षकांना आठवत असेल. २००८ मध्ये सुरू झालेली ही फुकट सेवा जगभरच्या शाळांनी वापरली. कोरोनाच्या काळात तिला बहर आला आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी ती बंद झाली! ज्यांनी वेळेत आपलं साहित्य उतरवून घेतलं, ते वाचले.

फ्लॅशची गोष्ट याहून बोलकी आहे. हलती चित्रं, खेळातून गणित, विज्ञानाचे प्रयोग असं कितीतरी शैक्षणिक साहित्य अॅडोबी फ्लॅशमध्ये बनलं होतं. शाळांनी त्याच्या सीडीसुद्धा हौसेने विकत घेतल्या. ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमध्ये हे धडे चालेनासे झाले. धडा चांगला होता, शिकवणारा चांगला होता, फक्त ज्या साच्यात तो ओतला होता तो एका कंपनीच्या मालकीचा होता.

यावरचा उपाय म्हणजे सर्वमान्य साचे. घरातला बल्ब गेला की आपण कुठल्याही कंपनीचा आणतो, कारण होल्डर सगळीकडे सारखा असतो. ई-लर्निंगच्या जगात असा होल्डर तयार करण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने झाला. २००० मध्ये आलेल्या त्या मानकाचं नाव स्कॉर्म. स्कॉर्मच्या साच्यात बांधलेला धडा एका प्रणालीतून काढून दुसरीत बसवता येतो. असाच आणखी एक साचा म्हणजे नॉर्वेत तयार झालेला एचफाइव्हपी. यात बनवलेली प्रश्नमंजुषा वर्डप्रेसमध्येही चालते आणि मूडलमध्येही.

आपल्या देशात काय चाललंय?

भारतानेही या वाटेवर बरीच मजल मारली आहे. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम हाती घेतला. त्यांच्या व्याख्यानांच्या चित्रफिती आज खेड्यातला विद्यार्थीही पाहतो. जुलै २०१७ मध्ये 'स्वयम्' आलं आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, 'दीक्षा'. पाठ्यपुस्तकातल्या धड्याशेजारी छापलेला चौकोनी क्यूआर कोड मोबाईलने टिपला की धड्याशी संबंधित साहित्य उघडतं, ही दीक्षाची करामत. महाराष्ट्रातल्या बालभारतीच्या पुस्तकांतही हे कोड आले.

दीक्षा ज्या सनबर्ड प्रणालीवर उभी आहे, तिचा कोड खुला आहे. मुंबई आयआयटीचं 'आयआयटीबॉम्बेएक्स' ओपन एडएक्स या मुक्त प्रणालीवर चालतं. इग्नूने आपली छापील स्वाध्याय पुस्तकं 'ई-ज्ञानकोश'मध्ये ठेवली, तीही डीस्पेस या मुक्त प्रणालीच्या आधाराने. केरळने तर शाळांची माहिती शाळांनीच लिहावी म्हणून 'स्कूलविकी' उभारलं. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याच मीडियाविकीवर. सार्वजनिक संस्थांनी मुक्त प्रणालींकडे वळण्यामागे साधा हिशेब आहे. किल्ली आपल्या हाती राहते!

देवनागरीची परीक्षा

मराठी शाळांना आणखी एक अडचण सोसावी लागते. अनेक शिक्षकांकडे जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या नोट्सचा साठा आहे. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे, तिथे मजकूर झकास दिसतो. वेबसाईटवर चढवला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. कारण त्या जुन्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीच असतात, वर मुखवटा तेवढा देवनागरीचा चढवलेला असतो.

युनिकोडमध्ये मात्र 'क' हा 'क'च असतो. कुठल्याही मोबाईलवर तो दिसतो, शोधता येतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो वाचू शकतं. म्हणून नवी प्रणाली घेण्याआधी जुन्या नोट्स युनिकोडमध्ये आणून घेणं, हे पहिलं काम. फॉन्ट बदलणारी साधनं त्यासाठी मिळतात, पण नंतर जोडाक्षरं आणि रफार कुणीतरी डोळ्यांखालून घालावेच लागतात.

विक्रेता समोर बसला की त्याला 'ज्ञानेश्वरी', 'दुष्काळ', 'कऱ्हाड' असे शब्द टंकून शोधून दाखवायला सांगावं. परीक्षा तिथल्या तिथे होते! वर्डप्रेस आणि मूडल या दोन्हींना मराठी भाषेची जोड मिळते. म्हणजे बटणांवरची, सूचनांची भाषाही बऱ्याच अंशी मराठी करता येते. सातवीच्या मुलाला आणि त्याच्या आईला त्याचा मोठा आधार वाटतो.

फुकट म्हणजे किती फुकट?

मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते हे खरं, पण दानात मिळालेल्या गाईलाही वैरण लागतेच. सर्व्हरचं भाडं आहे, वेबसाईटच्या नावाचं वार्षिक शुल्क आहे. वेळोवेळी नवी आवृत्ती चढवावी लागते, नाहीतर चोरवाटा उघड्या राहतात. रोजचा बॅकअप घ्यावा लागतो. हे सगळं कोण करणार? "आमचे कॉम्प्युटरचे सर बघतील" असं उत्तर मिळतं. ते सर उद्या नोकरी सोडून गेले आणि पासवर्ड त्यांच्याच डोक्यात राहिला, तर? म्हणूनच निदान दोघांना काम शिकवावं आणि पासवर्ड संस्थेच्या नोंदीत सुरक्षित ठेवावा.

उलट, विकतच्या सेवेत ही डोकेदुखी कंपनी घेते. दर विद्यार्थ्यामागे पैसे आकारण्याची पद्धत असेल तर पुढच्या पाच वर्षांची पटसंख्या धरून हिशेब मांडावा. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये.

घरगुती शिकवणी घेणाऱ्या ताईंना मोठ्या प्रणालीची गरज नाही. एक साधी वर्डप्रेसची वेबसाईट किंवा गुगल क्लासरूम त्यांना पुरेसं आहे, मात्र मूळ फाईली स्वतःजवळ जपून ठेवाव्यात. शंभर-दोनशे मुलांच्या शाळेने तयार व्यवस्थापित सेवा घ्यावी, पण मुक्त प्रणालीवर आधारलेली. म्हणजे उद्या सेवा देणारा बदलला तरी घर मोडत नाही. स्वतःची तंत्रज्ञ मंडळी असलेल्या कॉलेजांनी मूडल स्वतः चालवायला हरकत नाही. हजारो विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकवणाऱ्या संस्थांनी ओपन एडएक्ससारख्या भारदस्त प्रणालीचा विचार करावा, पण ती चालवायला माणसंही तितकीच भारदस्त लागतात!

पालकांनीही यात गप्प बसू नये. मुलांची नावं, फोटो, गुण, मोबाईल नंबर हे सगळं या प्रणालीत जातं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या खातरजमा करता येईल अशा संमतीची तरतूद आहे. पालकसभेत फी आणि गणवेशाबरोबर हाही प्रश्न विचारायला हवा.

सही करण्यापूर्वी हे विचारा

• आमचं सगळं साहित्य एका झटक्यात बाहेर काढता येईल का? कोणत्या स्वरूपात? आत्ता, आमच्यासमोर काढून दाखवा.
• करार संपल्यावर आमची माहिती किती दिवस ठेवाल आणि केव्हा पुसाल?
• साध्या मोबाईलवर, मंद इंटरनेटवर धडा किती वेळात उघडतो?
• इंटरनेट नसताना वाचण्यासाठी धडा उतरवून घेता येतो का?
• युनिकोड मराठी टंकता, शोधता आणि छापता येते का?
• दृष्टिहीन किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलाला हे वापरता येईल का?
• स्कॉर्म किंवा एचफाइव्हपीतले धडे चालतात का?
• बॅकअप कोण घेणार, किती दिवसांनी? तो परत चढवून कधी पाहिला आहे का?
• शिक्षकाने बनवलेल्या धड्याची मालकी कुणाची? करारात तसं लिहिलं आहे का?
• पाच वर्षांचा एकूण खर्च किती?

एक धडा, एक शिक्षक

कागदावरची उत्तरं कितीही गोड असली, तरी खरी कसोटी वापरातच लागते. त्यासाठी सोपा उपाय आहे. संगणकाची सर्वांत जास्त धास्ती असलेल्या शिक्षकांना समोर बसवावं. त्यांचाच एक धडा, एक चित्र आणि पाच प्रश्नांची चाचणी त्यांनाच चढवायला सांगावी. विक्रेत्याने हात लावायचा नाही. अर्ध्या तासात जमलं तर प्रणाली कामाची. नाही जमलं तर दोष बाईंचा नाही, प्रणालीचा! कारण शेवटी कपाट भरणार आहेत ते शिक्षकच. त्यांना दारच उघडता आलं नाही, तर कपाट कितीही देखणं असलं तरी रिकामंच राहणार.

पूर्वी निवृत्त होणारे गुरुजी आपल्या टाचणांच्या वह्या नव्या शिक्षकाच्या हाती देत. समासातल्या खुणा, "इथे मुलं अडखळतात" असे शेरे, एखादं हाताने काढलेलं झकास चित्र. चाळीस वर्षांचा अनुभव त्या वह्यांमधून पुढे जायचा. त्या वहीला पासवर्ड लागत नव्हता, तिचं वार्षिक शुल्क नव्हतं आणि ती बनवणारी कंपनी बुडाली म्हणून अक्षरं पुसली जात नव्हती. आजच्या बाईंच्या चित्रफिती, त्यांच्या प्रश्नमंजुषा याही उद्याच्या शिक्षकाच्या हाती तशाच पडायला हव्यात. कपाट कुणाकडूनही घ्या, पण किल्ली शाळेच्याच कनवटीला असू द्या!